हॉस्टेलचं वायफाय बंद केलं तर गिटार नीट वाजेल का?

गॅदरिंग जवळ आलं की एक वाद हमखास निघतो. दुपारी रिकाम्या ऑडिटोरियममध्ये साउंड चेक होतो तेव्हा कॉर्डलेस गिटार झक्कास वाजते. टॅबवरून मिक्सरही शहाण्या मुलासारखा ऐकतो. संध्याकाळी हॉल भरतो, पडदा वर जातो आणि दोन-तीन गाणी झाली की गिटार तुकड्या-तुकड्यांत येऊ लागते. टॅबला मिक्सर सापडत नाही. साउंडवाले दादा दोन्ही हात वर करतात. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये निकालही लागलेला असतो : "वायफायमुळे झालं!" मग पुढच्या वर्षीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी ठराव मांडतं की गॅदरिंगच्या रात्री हॉस्टेलचं वायफाय सरळ बंद ठेवा.

ठराव ऐकायला सोपा आहे. पण त्या रात्री हॉस्टेलमध्ये सगळेच रिकामे नसतात. कोणाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस असतो, कोणाची ऑनलाइन टेस्ट असते, फर्स्ट इयरचा कोणी घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर असतो. दुसऱ्या बाजूला बँडची पोरं महिनोन् महिने रात्री जागून रिहर्सल करतात आणि त्यांच्या हातात मिळतात फक्त वीस मिनिटं. त्यामुळे दोन्ही बाजूंचा राग खरा आहे. प्रश्न एवढाच, की दोष खरंच हॉस्टेलच्या वायफायचा आहे का? हे आवाज चढवून ठरणार नाही, गणिताने ठरेल. गणित लॉगॅरिदमपलीकडे जात नाही, तेव्हा मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी पान उलटू नये ही विनंती!

हा पट्टा कोणाच्या बापाचा?

कुणाच्याच नाही. सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

वायफाय, ब्लूटूथ, कॉर्डलेस गिटारच्या बऱ्याच डिजिटल सिस्टिम, कॉलरला लावायचे छोटे माइक, वायरलेस माउस, एवढंच काय मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा, हे सगळे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यात राहतात. यालाच आपण २.४ गिगाहर्ट्झ म्हणतो. उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय उपकरणांसाठी हा पट्टा १९४७ साली अटलांटिक सिटी इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बाजूला काढला गेला. भारतात जानेवारी २००५ च्या नियमांनी तो कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. पण त्या नियमांत एक अट आहे आणि ती फार मजेची आहे. हा पट्टा सामायिक आहे, तुम्ही दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर संरक्षण मागायचं नाही.

म्हणजे बघा, गिटारवाला वायफायवर दावा लावू शकत नाही आणि वायफायवाला गिटारवर. गावच्या सामायिक विहिरीसारखं आहे. पाणी सगळ्यांचं, पण पोहरा आपटला म्हणून तक्रार ऐकायला कोणी बसलेलं नाही. समजुतीने वागणं हाच एक उपाय.

आता जागा किती आहे ते बघू. पूर्ण पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झचा. त्यात वायफायचे १ ते १३ चॅनल आहेत, पण दोन शेजारच्या चॅनलमध्ये अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झ, आणि एका चॅनलची रुंदी साधारण २० मेगाहर्ट्झ. म्हणजे एकमेकांच्या अंगावर न बसणारे चॅनल मिळतात तीनच : १, ६ आणि ११. त्यांचे मध्यबिंदू २४१२, २४३७ आणि २४६२. यांच्या मध्ये ५ मेगाहर्ट्झच्या दोन फटी उरतात आणि ११ च्या वर २४७२ पासून शेवटपर्यंत थोडी जागा उरते. कॉर्डलेसवाल्यांना निवांतपणा मिळाला तर तो याच फटींत.

कोणी हौशी माणसाने आपला राउटर चॅनल ३ वर लावला की तो १ आणि ६ दोघांच्याही अंगावर बसतो आणि मधली फटही बुजवतो. "तिथे गर्दी कमी दिसली म्हणून लावला" असं त्याचं म्हणणं असतं. त्यापेक्षा १ वरच्या गर्दीत बसला असता तर बरं झालं असतं. का ते आता सांगतो.

मेसची रांग

वायफाय हा तसा सभ्य प्राणी आहे. बोलण्याआधी तो ऐकतो. चॅनलवर कोणी बोलत असेल तर गप्प बसतो. शांतता झाली तरी लगेच तोंड उघडत नाही. मनात एक आकडा धरतो, तेवढे क्षण मोजतो आणि मगच बोलतो, म्हणजे दोघं एकदम बोलायची शक्यता कमी होते. पाठवलेलं पोचल्याची पावती आली नाही तर तेच पुन्हा पाठवतो. मेसच्या रांगेसारखं आहे हे. वेळ लागतो, पण पोळी मिळते.

एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं समजतात, म्हणून आळीपाळीने बोलतात. चॅनल १ आणि चॅनल ३ वरच्यांना मात्र एकमेकांचे शब्द कळत नाहीत, नुसता गोंगाट ऐकू येतो. रांगेत उभं राहण्याऐवजी ते आडवे घुसतात. म्हणून गर्दीच्या चॅनलपेक्षा अर्धवट अंगावर आलेला चॅनल जास्त त्रासदायक.

कॉर्डलेस गिटार या रांगेत उभी राहतच नाही. ती सतत बोलत असते. तिचा सिग्नल राउटरच्या अँटेनाजवळ पुरेसा मोठा आला तर राउटर समजतो की चॅनल भरलेला आहे आणि वाट बघत बसतो. वीस मेगाहर्ट्झच्या वायफायसाठी ही मर्यादा उणे ६२ डीबीएम आहे. म्हणून भांडण दोन्ही बाजूंनी आहे हे लक्षात घ्या. वायफाय गिटार तोडतं आणि गिटार वायफायला थांबवते. टॅबवर मिक्सर गोठला की साउंडवाल्या दादांनी नेटला शिव्या घालण्याआधी राउटरच्या शेजारी काय ठेवलंय ते बघावं. गिटारचा रिसीव्हर नुसता ऐकतो, पण दोन-तीन जणांचे ट्रान्समीटर जर राउटरपाशीच बसलेले असतील तर राउटर बिचारा बोलणार कधी?

आवाजाला थांबता येत नाही

व्हिडिओ बघताना पाकीट हरवलं तर वायफाय ते पुन्हा मागवतं. तुमच्या फोनने आधीच काही सेकंदांचा साठा करून ठेवलेला असतो, त्यामुळे तुम्हाला पत्ताही लागत नाही. गिटारचं तसं नाही. बोट तारेवर पडलं की आवाज त्याच क्षणी यायला हवा. ४८ किलोहर्ट्झने २४ बिटचे नमुने घेतले तर सेकंदाला ११ लाख ५२ हजार बिट होतात. आजच्या मानाने हे काहीच नाही. अडचण वेगाची नाही, उशिराची आहे.

उशीर म्हणजे किती? हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. बॉसची डब्ल्यूएल-२० ही गिटारची सिस्टिम २.३ मिलिसेकंद उशीर करते. तुम्ही अ‍ॅम्पपासून पाऊण मीटर मागे सरकलात, एवढाच फरक. पण इतक्या कमी वेळात हरवलेलं पाकीट परत मागवायला सवड कुठली? गेलं ते गेलं. त्या जागी भोक पडतं आणि आपल्याला 'टक्' ऐकू येतं. अशी भोकं एकामागोमाग एक पडली की गिटार तुकड्यांत येते.

यावर उपाय म्हणून काही सिस्टिम तोच डेटा दोन किंवा अधिक फ्रिक्वेन्सींवर पाठवतात. एक बुडाली तरी दुसरी पोचते. काही सिस्टिम उड्या मारत राहतात. ब्लूटूथ हेच करतं : मूळ पद्धतीत ७९ चॅनल आणि सेकंदाला १६०० उड्या. या उड्यांच्या कल्पनेचं एक पेटंट १९४२ सालचं आहे आणि ते घेणारी जोडी भन्नाट होती. हेडी लमार ही हॉलिवूडची नटी आणि जॉर्ज अँथाइल हा पियानोसाठी लिहिणारा संगीतकार! रेडिओने चालणारा टॉर्पेडो शत्रूने भरकटवू नये म्हणून त्यांनी आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या भोकं पाडलेल्या कागदाची युक्ती वापरली आणि फ्रिक्वेन्सी ठेवल्या ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. त्या युद्धात अमेरिकी नौदलाने ते वापरलं नाही. पण बँडवाल्यांनी इंजिनियरिंगला नाकं मुरडू नयेत आणि उलटही, एवढं यावरून कळतं.

तरी उड्या मारून जायचं कुठे? उडी मारायला रिकामी जागा हवी. हॉल भरला की नेमकी तीच नाहीशी होते.

रिकामा हॉल, भरलेला हॉल

दुपारी हॉलमध्ये असतात दहा-पंधरा फोन. संध्याकाळी आठशे माणसं आली तर आठशे फोन आले. कोणी काही डाउनलोड करत नसेल तरी फोन गप्प बसत नाहीत. वायफाय चालू आहे पण कुठे जोडलेलं नाही, असा फोन अधूनमधून एकेका चॅनलवर जाऊन हाका मारतो : "ओळखीचं कोणी आहे का?" भर म्हणून कोणीतरी मित्राला नेट द्यायला हॉटस्पॉट चालू केलेला असतो.

या हॉटस्पॉटचं गणित करून बघा, डोळे उघडतात. प्रत्येक हॉटस्पॉट आपलं नाव सेकंदाला जवळजवळ दहा वेळा जाहीर करतो, दर १०२.४ मिलिसेकंदांनी. समजा ही जाहिरात २५० बाइटची आहे, म्हणजे २००० बिट, आणि ती जुन्या १ मेगाबिट वेगाने जाते. झाले २ मिलिसेकंद. सुरुवातीचा मथळा धरून २.२. सेकंदाला दहा वेळा म्हणजे २२ मिलिसेकंद, म्हणजे चॅनलचा सुमारे दोन टक्के वेळ. एका चॅनलवर असे वीस हॉटस्पॉट आले की ४० टक्क्यांहून जास्त वेळ नुसतं "मी इथे आहे, मी इथे आहे" म्हणण्यात गेला! एक फोटोसुद्धा अजून कोणी पाठवलेला नाही. काही फोन या जाहिराती जास्त वेगाने पाठवतात, तिथे हा आकडा उतरतो, पण जुन्या वेगाचे थोडे जरी असले तरी पुरतात.

हे फक्त आपल्याच हॉलमध्ये होतं असं समजू नका. ७ जून २०१० ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टीव्ह जॉब्ज आयफोन ४ दाखवत होते. मोठ्या पडद्यावर वेबपेज उघडेना. जगातली सगळ्यात तयारीची मानली जाणारी कंपनी, रिहर्सल झालेली, आणि ऐन वेळी फजिती. थोड्या वेळाने त्यांनी स्टेजवरूनच कारण सांगितलं : हॉलमध्ये ५७० वायफाय बेस स्टेशन चालू होती. लोकांनी सोबत आणलेली खिशातली राउटर! मग त्यांनी प्रेक्षकांना ती बंद करून लॅपटॉप खाली ठेवायला सांगितलं. लक्षात घ्या, शेजारच्या इमारतीतलं वायफाय बंद करा असं ते म्हणाले नाहीत. त्रास हॉलमध्ये बसलेला होता.

यात आणखी एक भर म्हणजे आपण स्वतः. माणसाच्या अंगात पाणी खूप आणि पाणी ही फ्रिक्वेन्सी चांगलीच शोषतं. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण १२ सेंटीमीटर, त्यामुळे आपलं धड म्हणजे तिच्यापुढे भिंतच. गिटारवाल्याने जोशात येऊन पाठ फिरवली की सिग्नल दहा डीबीने सहज पडतो. प्रेक्षक उभे राहून नाचायला लागले की भिंतींची रांगच उभी राहते. म्हणून सगळ्यात हिट गाण्यालाच गिटार जाते. नशीब वगैरे काही नाही, फिजिक्स आहे.

आता हिशोब मांडू

डीबी म्हणजे काय ते आधी पटकन. १० डीबी म्हणजे दहा पट, २० म्हणजे शंभर पट, ३ म्हणजे जवळपास दुप्पट. डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत किती. मोकळ्या हवेत २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पहिल्या एका मीटरला ४० डीबी गमावतो. नंतर अंतर दहा पट झालं की आणखी २०. म्हणजे १० मीटरला ६०, १०० मीटरला ८०. हॉलमध्ये भिंतींवरून परावर्तन होतं, त्यामुळे आकडे थोडे हलतात, पण अंदाजाला हे पुरे.

समजा गिटारचा ट्रान्समीटर १० मिलिवॅटचा आहे, म्हणजे १० डीबीएम. नेहमीप्रमाणे रिसीव्हर ठेवलाय हॉलच्या मध्यभागी, मिक्सरच्या टेबलावर, स्टेजपासून २० मीटरवर. तिथपर्यंत ६६ डीबी गेले. पोचले उणे ५६ डीबीएम.

आता त्याच टेबलापासून २ मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाचा फोन घ्या. समजा १५ डीबीएम. दोन मीटरला ४६ डीबी गेले. पोचले उणे ३१. म्हणजे ज्या क्षणी हा फोन बोलतो त्या क्षणी तो रिसीव्हरपाशी गिटारपेक्षा २५ डीबीने मोठा आहे. तीनशे पटींहून जास्त! आणि असे फोन टेबलाच्या चारी बाजूंना.

आता हॉस्टेल. समजा राउटर १०० मिलिवॅटचा, म्हणजे २० डीबीएम, आणि अंतर १५० मीटर. हवेतच ८३.५ डीबी गेले. मधल्या तीन भिंतींचे प्रत्येकी १० धरू, आणखी ३०. पोचले उणे ९३.५ डीबीएम. म्हणजे गिटारपेक्षा ३७.५ डीबीने लहान. गिटार या राउटरच्या पाच हजार पटींहून मोठी आहे. गिटारवाल्याने पाठ फिरवून दहा डीबी घालवले तरी ती शेकडो पटींनी पुढेच राहते.

थोडक्यात काय, दीडशे मीटरवरच्या हॉस्टेलचं वायफाय बंद करून गिटारला काहीही मिळत नाही. उलट नुकसान होण्याची शक्यता जास्त. वायफाय गेलं की पोरं काय करतात? मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतात. आणि तोच चालू हॉटस्पॉट खिशात ठेवून कार्यक्रमाला येतात! कॅम्पसचं वायफाय जिथे हॉलपर्यंत पोचतं तिथे ते बंद केल्यावर त्याला जोडलेले फोनही सुटतात आणि पुन्हा हाका मारत फिरतात. रोग हॉलमध्ये आणि इंजेक्शन हॉस्टेलला, असा हा प्रकार.

मग काय बंद करायचं? ऑडिटोरियमच्या आत आणि त्याला लागून असलेल्या कॉरिडॉरमधले जे एक-दोन राउटर असतील तेवढ्यांचा फक्त २.४ गिगाहर्ट्झ भाग, तोही कार्यक्रमापुरता. त्यांचं ५ गिगाहर्ट्झ चालू राहू दे. आपल्याकडे २०१८ च्या नियमांनी ५ गिगाहर्ट्झमध्ये परवान्याशिवाय वापरायची जागा बरीच वाढली. तिथे चॅनल भरपूर आहेत आणि २.४ वरच्या गिटारशी त्यांचा काही संबंध येत नाही.

एक टेबल हलवा

आता या लेखातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट. वरच्या हिशोबात एकच बदल करा. गिटारचा रिसीव्हर मिक्सरच्या टेबलावरून उचला आणि स्टेजच्या कडेला, गिटारवाल्यापासून २ मीटरवर ठेवा. तिथून मिक्सरपर्यंत साधी माइकची केबल टाका.

गिटारचं नुकसान आता फक्त ४६ डीबी, म्हणून पोचले उणे ३६ डीबीएम. प्रेक्षकांचा सगळ्यात जवळचा फोन आता २ ऐवजी समजा १० मीटरवर गेला, म्हणून तो आला उणे ४५ वर. आधी गिटार २५ डीबीने मागे होती, आता ९ डीबीने पुढे आहे. एकूण फरक ३४ डीबी, म्हणजे अडीच हजार पट. नवीन काही विकत घेतलं नाही, कोणाचं नेट बंद केलं नाही. फक्त केबल लांब केली आणि हवेतला प्रवास छोटा केला.

लक्षणावरून रोग ओळखा

सगळं खापर २.४ वर फोडायचं नाही. कानाने ओळखता येतं.

आवाज तुकड्यांत येतो, पण जेवढा येतो तेवढा स्वच्छ : ही डिजिटल सिस्टिम आणि हवेतली गर्दी. वरचं सगळं याच्याबद्दल आहे.

खरखर, फुसफुस किंवा मधूनच दुसऱ्याचंच बोलणं : हा बहुतेक जुन्या पद्धतीचा यूएचएफ कॉर्डलेस माइक. साउंडवाले हातात धरायचे माइक आणतात ते पुष्कळदा यूएचएफवर असतात, म्हणजे काहीशे मेगाहर्ट्झवर. त्यांचं आणि वायफायचं भांडण नाही. त्यांचे शत्रू वेगळे. एक म्हणजे मोबाइलला दिलेले पट्टे. २०२२ च्या लिलावात रिलायन्स जिओने ७०० मेगाहर्ट्झमधलं स्पेक्ट्रम घेतलं, त्यामुळे त्या भागातला जुना माइक आता परक्याच्या घरात राहतोय. अमेरिकेत तर ७०० मेगाहर्ट्झवर वायरलेस माइक वापरायला जून २०१० पासूनच बंदी आली. दुसरा शत्रू म्हणजे माइकच. ६४० आणि ६४१ मेगाहर्ट्झवरचे दोन माइक जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून ६३९ आणि ६४२ वर दोन भुतं तयार होतात. पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा करून बघा. तिसरा माइक नेमका ६४२ वर असेल तर तो मेलाच. म्हणून माइकच्या फ्रिक्वेन्सी कधीही समान अंतरावर लावू नका.

'टर्रर्र-टर्रर्र' अशी ठेक्यातली घरघर : जवळ २जी वर बोलणारा मोबाइल. त्याची शक्ती सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद होते आणि तोच सूर स्पीकरमधून येतो. फोन अ‍ॅम्पवरून उचला, काम झालं.

सतत 'हूंऽऽ' : ही वायरलेसची गोष्टच नाही. पन्नास हर्ट्झची लाइट आणि अर्थिंगचा घोळ. यासाठी इलेक्ट्रिकलवाल्यांना बोलवा. अर्थिंगची पिन मात्र तोडू नका, जिवाशी खेळ आहे तो.

साउंड कमिटीसाठी यादी

एक. जे जागचं हलत नाही त्याला वायर. कीबोर्ड, बेस, बसून वाजवणारा गिटारिस्ट, यांना कॉर्डलेसची हौस नको. हवेतली जागा पळापळ करणाऱ्यांसाठी राखून ठेवा.

दोन. सगळे २.४ चे रिसीव्हर स्टेजच्या कडेला, वाजवणाऱ्याला सरळ दिसतील असे, डोक्याच्या उंचीवर. लोखंडी पेटीच्या आत किंवा स्पीकरच्या मागे नाही. रिसीव्हर आणि कुठलाही राउटर यांच्यात निदान दोन-तीन मीटर अंतर.

तीन. मिक्सरच्या टॅबसाठी वेगळा राउटर, तो ५ गिगाहर्ट्झवर, ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यातल्या चॅनलवर. त्याचा २.४ भाग बंद. पासवर्ड दोनच माणसांकडे. मिक्सरमध्येच वायफाय असेल आणि ते फक्त २.४ चं असेल तर ते बंद करून लॅन केबलने या राउटरला जोडा. शिवाय एक लॅपटॉप केबलने जोडलेला तयार ठेवा, म्हणजे टॅब गोठला तरी आवाज आपल्या हातात राहतो.

चार. कार्यक्रम सुरू होताना निवेदकाने एकच विनंती करावी : "हॉटस्पॉट बंद करा." आठशे माणसांना फोन बंद करायला सांगितलं तर कोणी ऐकणार नाही. हॉटस्पॉट बंद करायला सांगितलं तर बरेच ऐकतील, आणि सगळ्यात जास्त फायदा त्यातच आहे. एअरप्लेन मोडवर विसंबू नका, बऱ्याच फोनमध्ये त्यातही वायफाय चालू राहू शकतं.

पाच. रिकाम्या हॉलमधल्या साउंड चेकवर विश्वास ठेवू नका. आदल्या दिवशी हॉस्टेलमधली चाळीस पोरं बोलवा, पुढच्या रांगांत बसवा, सगळ्यांचे हॉटस्पॉट चालू करा आणि मग गिटार वाजवा. गिटारवाल्याला स्टेजच्या टोकापर्यंत जायला लावा, पाठ फिरवायला लावा. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकून रिकाम्या आणि भरलेल्या हॉलचे आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या कमिटीला भांडायला तरी काही पुरावा राहील!

सहा. स्टेजच्या कडेला गिटारची साधी वायर गुंडाळून तयार ठेवा, एक टोक आधीच जोडलेलं. कॉर्डलेस गेलं तर दहा सेकंदांत वायरवर यायचं. ही सवय रिहर्सलमध्येच लावायची.

तर ठरावाचं काय?

या पट्ट्यावर कोणाचाच हक्क नाही, म्हणून हक्काच्या भाषेत हे भांडण कधी सुटणार नाही. ज्याला थांबता येतं त्याने ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी जागा करायची, एवढाच नियम इथे चालतो. वायफायला थांबता येतं, गिटारला येत नाही. पण जागा करायची ती हॉलच्या आत, रिसीव्हरच्या आसपासच्या दहा-वीस मीटरमध्ये. दीडशे मीटरवर भिंतींपलीकडे बसून फॉर्म भरणाऱ्याने नेट सोडलं तर त्याचा त्याग वाया जातो.

म्हणून कमिटीला सुचवणं असं : "हॉस्टेलचं वायफाय बंद" हा ठराव मागे घ्यावा आणि त्याऐवजी "वीस-पंचवीस मीटरच्या चार चांगल्या केबल घ्याव्यात" हा मांडावा. रेक्टर सरांचीही सही लगेच मिळेल. आणि त्या आदल्या दिवशीच्या चाचणीसाठी चाळीस जण लागणार आहेत. ब्रँच कुठलीही चालेल, फोन चार्ज करून या, म्हणजे झालं.